करार : स्थैर्य कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कामगार चळवळीत ‘करार’ हा शब्द नित्याचा आहे. वेतनाचा करार होतो, त्याची मुदत संपते, नव्या करारासाठी मागणीपत्र सादर होते. इतक्या परिचित शब्दाच्या मुळाशी मात्र सहसा कोणी जात नाही.

हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ स्थिरता, स्वस्थता. ‘मुक्रर’ म्हणजे निश्चित केलेले, हा त्याच धातूचा शब्द. जिवाला स्वस्थता नसलेला माणूस हिंदी-उर्दूत ‘बेकरार’ ठरतो. दोन पक्षांमधील अनिश्चितता संपवून उभयतांना स्थैर्य देतो, तो करार.

आज शासनाच्या जाहिरातींत ‘करार पद्धतीने नियुक्ती’ असे शब्द आढळतात. त्यांचा अर्थ काय? पुढील वर्षी नोकरी राहील याची शाश्वती नाही! स्थैर्यवाचक शब्द अस्थैर्याचे नाव बनला आहे.

यावर उत्तर तयार असते : ‘त्याने स्वखुशीने सही केली आहे.’ परंतु सही म्हणजे संमती नव्हे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, तेव्हा गांधीजींचे प्राणांतिक उपोषण चालू होते. त्या दडपणाखाली डॉ. आंबेडकरांना सही करावी लागली, हा आक्षेप अद्याप शमलेला नाही. १८७२ चा भारतीय करार कायदाही केवळ संमतीवर थांबत नाही. ती मुक्त असावी, जबरदस्तीने वा अनुचित प्रभावाने मिळवलेली नसावी, असे सांगतो. आणि भुकेची जबरदस्ती? दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली याचा निर्वाळा दिला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच होय. कारण दारिद्र्यापुढे माणसाला निवड उरत नाही.

तेव्हा प्रत्येक करारासमोर कार्यकर्त्याने एकच प्रश्न ठेवावा : यातून स्थैर्य कोणाला मिळते? ते केवळ मालकालाच मिळत असेल, तर त्या कागदावर सह्या दोन असतील, पण करार झालेला नसतो.

‘तक्रार’ हा शब्द ‘करारा’शी यमक साधतो, पण त्याचे कूळ निराळे. अरबीत त्याचा अर्थ पुनरावृत्ती. ज्याला करार मिळाला नाही, त्याने तक्रार करावी. आणि त्या शब्दाच्या मूळ अर्थाला जागून, न्याय मिळेपर्यंत पुनःपुन्हा करावी.