छपरावरची वीज आणि आजोबांच्या नावाचे मीटर

(मंडळाच्या मासिक सभेत बेळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेत सीमाप्रश्नाच्या दाव्यावर बोलणे झाले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि तेव्हा शाळेत असलेली मुले आज मुलांचे बाप झाली. त्या विषयानंतर आम्ही विजेच्या बिलावर बोलणार म्हटल्यावर काही जणांना हसू आले, ते आम्ही पाहिले. पण बाजारपेठेतली, शहापूर-वडगावातली मराठी दुकाने आणि छोटे कारखाने टिकले नाहीत, तर या सभागृहात खुर्च्या भरणार कोण? तेव्हा हाही आपल्या राजकारणाचाच भाग आहे, असे समजून ऐकावे.

आम्ही बँकेत कारकून आहोत आणि शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे सौर पॅनेलमध्ये वीज कशी तयार होते हे सांगण्याच्या भानगडीत पडणार नाही. खर्च, हप्ता, कागद आणि सही एवढेच बोलू. त्यातही आमच्या घरच्या गिरणीला जे भोगावे लागले ते अगोदर सांगू.

आमच्या आजोबांनी घातलेली पिठाची गिरणी आज धाकटे बंधू चालवतात. दळणाबरोबर मिरची कांडपही आहे. मार्च ते मे या काळात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीच्या पिशव्यांची दारात रांग लागते, आणि पावसाळ्यात सामसूम असते. मंजूर भार १५ अश्वशक्ती, म्हणजे साधारण ११ किलोवॅट. वर्षभराचा वापर काढला तर महिन्याला सरासरी ९५० युनिट. तयार पिठाच्या पिशव्या दुकानोदुकानी आल्यापासून दळण कमी झाले, बिल मात्र वाढत राहिले. २०२२ च्या सुरुवातीला बंधूंनी गिरणी बंद करून गाळा भाड्याने देण्याचा विषय घरात काढला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा सौर विजेचा विचार सुरू झाला. एक विक्रेता आला, छपराचे फोटो घेतले आणि दुसऱ्या दिवशी १५ किलोवॅटचा आराखडा घेऊन आला. खर्च सव्वाआठ लाख. "बिल शून्य होईल, उरलेली वीज विकून कमाई होईल, शिवाय सरकारी अनुदान आहेच," असे त्याचे म्हणणे. या एका वाक्यात तीन खोट्या गोष्टी होत्या, त्या आपण नीट समजून घेऊ, कारण आजही हेच वाक्य दारोदार ऐकवले जाते.

पहिली गोष्ट अनुदानाची. केंद्राचे छपरावरील सौर विजेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट वा अधिकसाठी मिळणारे ७८,००० रुपयेदेखील घरासाठीच आहेत. दुकान, गिरणी, बेकरी, छापखाना यांना ते लागू नाही. कर्नाटकात २०२३ पासून घरांना गृहज्योतीची २०० युनिटपर्यंतची वीज मोफत मिळते, तीही धंद्याला नाही. काही जण यावर उपाय म्हणून घरच्या मीटरवर शिलाईची यंत्रे किंवा पापडाची यंत्रे चालवतात. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते. ते करू नये.

दुसरी गोष्ट बिल शून्य होण्याची. बिलात दोन भाग असतात. वापरलेल्या युनिटचे पैसे आणि मंजूर भारावरचा स्थिर आकार. सौर वीज पहिला भाग कमी करते, दुसऱ्याला हात लावत नाही. १५ किलोवॅट बसवायचे तर आमचा ११ किलोवॅटचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागला असता, आणि वाढीव भाराचा स्थिर आकार जन्मभर चिकटला असता. विक्रेता हे "किरकोळ काम" म्हणत होता.

तिसरी गोष्ट वीज विकण्याची. आपण वापरून उरलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण मोजतो त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. आपल्या पट्ट्यात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देते. म्हणजे १५ किलोवॅटची २१,००० युनिट झाली असती आणि आमचा वापर साडेअकरा हजारांच्या आत. उरलेली साडेनऊ हजार युनिट पडत्या भावाने देण्यासाठी चार लाख जादा गुंतवायचे, हा कुठला व्यवहार?

आम्ही ८ किलोवॅटचे ठरवले. जागा साधारण ८०० चौरस फूट. खर्च ४,४०,००० रुपये. वर्षाला ११,२०० युनिट. त्या वेळी स्थिर आकार सोडून एका युनिटला सर्व मिळून साडेसहा रुपये पडत होते. म्हणजे वर्षाची बचत ७२,८००, महिन्याची सहा हजारांच्या थोडी वर. सहा वर्षांत पैसे फिटतात आणि पॅनेलच्या उत्पादनाची हमी २५ वर्षांची असते. कागदावर उत्तम.

पण कर्जाचा हिशेब वेगळा असतो, आणि इथेच आमच्या खिडकीशी येणारे बरेच जण चुकतात. ८०,००० घरचे घालून ३,६०,००० चे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ७,६५० बसतो. बचत सहा हजार. म्हणजे दरमहा दीड हजाराहून अधिक पदरचे घालायचे. ज्या धंद्याला आधीच दम लागला आहे त्याला हा खड्डा बुजवता येत नाही, आणि दुसऱ्याच वर्षी हप्ते थकतात. तेच कर्ज सात वर्षांचे केले की हप्ता ५,९७५ च्या आसपास येतो आणि बचतीतून तो परस्पर भागतो. व्याज एकूण त्रेचाळीस हजारांनी जास्त जाते, हे खरे. आमचे बंधू व्याज वाचवण्याच्या बाजूचे होते, आम्ही श्वास घ्यायला जागा ठेवण्याच्या बाजूचे. सात वर्षे ठरली. मुद्रा योजनेत किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, सौर संचासाठीही अर्ज करता येतो. बँकेत गेल्यावर 'तारण काय' असे विचारले तर योजनेचे नाव घेऊन बोलावे.

आता खरी अडचण. अर्ज करायला गेलो तेव्हा कळले की गिरणीचे मीटर आजोबांच्या नावावर आहे. आजोबा १९८९ साली गेले. तेहतीस वर्षे त्यांच्या नावाने बिल येत होते, आम्ही भरत होतो, कोणाला खटकले नव्हते. या सभागृहातही अशी घरे पुष्कळ असतील. जुनी घराणी, जुने वाडे, आणि उताऱ्यावर अजून पणजोबा. बिल भरायला नाव कोणाचे हे कोणी विचारत नाही. पण वीज कंपनीशी सौर करार करायचा आणि बँकेकडून कर्ज घ्यायचे, तर जिवंत माणसाची सही लागते.

वारसा नोंदीसाठी सर्व वारसांची संमती हवी. दोन आत्या, एक काका, आणि दिवंगत काकांची मुले पुण्यात. पुण्याच्या चुलत भावाला वाटले की छपरावर पॅनेल घालून आम्ही अख्खा वाडा बळकावतो आहोत. दोन महिने फोन बंद. शेवटी आत्यांनी मध्यस्थी केली. मुद्रांकावर लिहून दिले की छपराचा वापर फक्त गिरणीच्या विजेसाठी आहे, त्यातून कोणाचाही मालकी हक्क कमी-जास्त होत नाही, आणि वाटणी झाल्यास संच स्वखर्चाने हलवू. त्यावर सह्या झाल्या. हे कागद कोणत्याही विक्रेत्याच्या आराखड्यात नसतात. वेळ मात्र यातच जातो.

त्यात भाषेची भर. नावातील फरकाबद्दल खुलासा मागणारे पत्र कार्यालयाकडून आले ते संपूर्ण कन्नडमध्ये. वडिलांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. त्यांनी ते काहीतरी सरकारी सूचना समजून देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिले. सात आठवड्यांनी सापडले तेव्हा अर्ज निकाली काढलेला होता. पुन्हा पहिल्यापासून.

शिनोळीला, म्हणजे इथून पंधरा-वीस किलोमीटरवर, आमचे मावसभाऊ काजूचा छोटा कारखाना चालवतात. ते चंदगड तालुक्यात, म्हणून त्यांचे बिल महावितरणचे आणि मराठीत. त्यांनाही अडचणी आल्याच, कारकून सगळीकडे सारखेच. पण त्यांच्या वडिलांना आलेले पत्र त्यांच्या वडिलांनी वाचले. सीमेच्या दोन बाजूंतला फरक याहून सोप्या शब्दांत आम्हाला सांगता येत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या तरतुदींप्रमाणे ज्या तालुक्यात वा पालिकेत त्यांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत मिळायला हवेत. ही मागणी मंडळाने विजेच्या अर्ज-करारांसाठीही लावून धरावी. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मराठीत देण्याचा हक्क आपल्याला आहेच. उत्तर मराठीत देण्याची सक्ती मात्र त्या कलमात नाही. म्हणून आमचे दुसरे मत, जे काहींना रुचणार नाही: घरातल्या एकाने तरी कन्नड वाचायला शिकावे. कन्नड पत्र वाचता आल्याने आपले मराठीपण कमी होत नाही, आणि न वाचल्याने अर्ज मात्र फेटाळला जातो.

संच बसला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. पहिल्या तीन बिलांत बचत दिसली आणि त्याच बिलांत एक नवा दंड दिसला, पॉवर फॅक्टरचा. याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून थोडे थांबतो. मोटारीला दोन प्रकारची वीज लागते. एक काम करणारी, दुसरी मोटारीतले चुंबकत्व टिकवण्यासाठी नुसती जा-ये करणारी. समजा पहिली ८ आणि दुसरी ६. दोन्ही बाहेरून घेत असता पॉवर फॅक्टर ०.८ येतो. आता छपरावरून पहिल्या प्रकारची ६ मिळाली, तर बाहेरून पहिली घेतो फक्त २, दुसरी मात्र पूर्वीइतकीच ६. पॉवर फॅक्टर कोसळून ०.३२ वर येतो. महिन्याच्या सरासरीत तो इतका खाली जात नाही, पण दंड बसण्याइतका नक्की जातो. आमचा जुना कपॅसिटर केव्हाच निकामी झाला होता. काही हजारांत नवे बसवले आणि दंड थांबला. संच घेण्याआधी वायरमनकडून कपॅसिटर तपासून घ्या. काही इन्व्हर्टरमध्येच तशी सोय असते, तेही विचारा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लाईट गेली की हा संचही बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे. म्हणजे जनरेटर विकून टाकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या पावसात उत्पादन निम्म्यावर येते. गिरणीचे पीठ पॅनेलवर बसते आणि दवाने त्याची खळ होते, ती सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवावी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल, त्याचे पैसे आजपासून बाजूला टाकावेत.

आज नव्याने करणाऱ्यांना काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, मात्र अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरणाऱ्यांना तो वेगळा वजा करता येत नाही, आणि आपल्यातले बहुतेक छोटे व्यापारी त्याच योजनेत आहेत. विक्रेत्याने घसाऱ्याचा फायदा धरून 'चार वर्षांत फेड' दाखवली असेल तर ती ओळ खोडून टाका.

काही गोष्टी उलट दिशेने चालल्या आहेत. नियामक आयोगांचा कल युनिटचा दर उतरवून स्थिर आकार चढवण्याकडे आहे. १ एप्रिल २०२४ पासून १० किलोवॅटवरील व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवावा, असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे ज्या वेळी आपण वीज तयार करतो तेव्हाच बाहेरची वीज स्वस्त. युनिटला साडेसहाऐवजी पाच रुपयेच वाचत असतील तर आमचीच सहा वर्षांची फेड आठ वर्षांवर जाते. छोट्या यंत्रमागधारकांना सरकारची सवलतीची वीज मिळते, त्यांनी तर सवलत मोजून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. भट्टीच्या फौंड्रीला छपरावरची वीज पुरणारी नाही. उलट फ्रीज आणि डीप फ्रीझर दिवसभर चालवणारे मिठाईवाले, दूधवाले, औषध दुकानदार यांना व्यापारी दर पडतो, त्यांनी आधी विचार करावा.

गिरणी सुरू आहे. पुण्याचा भाऊ गेल्या गणपतीत आला तेव्हा छपरावर चढून पाहून गेला.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही आणि आमच्या बँकेतले दोन सहकारी इथे बसणार आहोत. गेल्या बारा महिन्यांची बिले, उतारा आणि मीटर कोणाच्या नावावर आहे ती माहिती आणावी. कन्नड पत्रे न उघडता ठेवली असतील तर तीही आणावीत, वाचून दाखवू.