मतपेटीतून आलेली मारिया

(मराठी रंगभूमी दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात १५ नोव्हेंबर २००६ रोजी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेचा पडदा उघडला. नायिका मारियाची भूमिका करणारी कॉनी फिशर ही तरुणी व्यावसायिक रंगभूमीवर नवखी होती. तरीही इंग्लंडमधील घराघरांत तिचे नाव पोहोचले होते. कारण तिला प्रेक्षकांनीच निवडले होते. बीबीसीवर कित्येक आठवडे स्पर्धा चालली, लोकांनी दूरध्वनीवरून मते दिली आणि १६ सप्टेंबरला ती विजयी ठरली. निर्माते अँड्र्यू लॉइड वेबर यांनी भूमिका तिच्या हाती सोपवली. स्पर्धेची अंतिम फेरी आणि पहिला प्रयोग यांत अंतर होते केवळ दोन महिन्यांचे.

ही भूमिका साधी नव्हे. १९५९ साली ब्रॉडवेवर मेरी मार्टिन यांनी ती प्रथम साकारली. १९६५ च्या चित्रपटात ज्युली अँड्र्यूज यांनी ती जगभर पोहोचवली. गुलजारांच्या ‘परिचय’ या १९७२ च्या चित्रपटात तिची छाया अनेक रसिकांना दिसली. अशा भूमिकेसाठी दूरचित्रवाणीवरील स्पर्धकाची निवड व्हावी, हे ऐकून नाक मुरडण्याचा मोह होतो. परंतु वस्तुस्थिती आधी पाहिली पाहिजे.

कॉनी फिशर रस्त्यावरून उचलून आणलेली हौशी मुलगी नव्हती. लंडनच्या माउंटव्ह्यू या नाट्यशिक्षणसंस्थेत तिने रीतसर शिक्षण घेतले होते. काम मिळत नसल्याने ती दूरध्वनीवरून विक्री करण्याची नोकरी करत होती. ज्या व्यवस्थेने तिच्यासाठी दार उघडले नाही, ते दार लोकांच्या मतांनी उघडले. समीक्षकांनीही तिचे कौतुक केले. म्हणजे लोकांचा कौल चुकला, असे म्हणता येत नाही. हे प्रांजळपणे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा लागतो. कौल मिळाल्यानंतर काय?

वेस्ट एंडवर आठवड्याला आठ प्रयोग होतात. स्पर्धेत आठवड्यातून एकदा, एखादे गीत गायचे असते. रंगभूमीवर तेच गाणे, तोच संवाद, तीच भावना आठ वेळा नव्याने जिवंत करावी लागते. २००७ च्या आरंभी घशाच्या त्रासामुळे तिला काही प्रयोग सोडावे लागले. पुढे तिने सहाच प्रयोग करावेत आणि उरलेले दोन त्याच स्पर्धेतील ईफा मलहॉलंड हिने करावेत, अशी व्यवस्था झाली. काही वर्षांनी कॉनीच्या स्वरतंतूंत जन्मजात दोष असल्याचे निदान झाले आणि गाण्याचा आवाज गमावल्याचे तिने जाहीरपणे सांगितले. हा दोष स्पर्धेने निर्माण केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गळ्याची खरी ताकद आणि मर्यादा ओळखायला वेळ लागतो, सतत ऐकणारा जाणता कान लागतो. मतदानाच्या घाईत त्याला स्थान नसते.

बाजाराला मात्र हा मार्ग फारच सोयीचा वाटला. २००७ मध्ये ‘जोसेफ’, २००८ मध्ये ‘ऑलिव्हर’मधील नॅन्सी आणि २०१० मध्ये ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधील डोरोथी, या भूमिकाही अशाच स्पर्धांतून दिल्या गेल्या. जनतेच्या परवाना शुल्कावर चालणारी बीबीसी खासगी संगीतिकांची आठवडेच्या आठवडे जाहिरात करते आहे, अशा आशयाची टीका ओल्ड विक नाट्यगृहाचे तेव्हाचे कलासंचालक केविन स्पेसी यांनी २००८ मध्ये केली होती. गंभीर नाटकाच्या वाट्याला असे भाग्य का येत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मतदार हाच तिकीट घेणारा ग्राहक होतो, आणि निवड व विक्री यांतील सीमारेषा पुसली जाते.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. लोकमान्य टिळकांनी कौतुकाने ज्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, त्या नारायणराव राजहंसांपाठीही लोकांचा कौल होताच. पण त्या कौतुकाने शकुंतला घडली नाही. किर्लोस्कर मंडळीत देवलांसारख्या शिक्षकाने अभिनय शिकवला आणि भास्करबुवा बखल्यांनी गाणे घडवले. १९०५ साली मिरजेला पदार्पण झाल्यानंतरही शिक्षण थांबले नाही. नाटक मंडळी ही केवळ व्यवसायसंस्था नव्हती. ते शिस्तीचे, सहवासाचे आणि तालमीचे गुरुकुल होते.

‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक तर विद्येच्या अधिकाराचाच प्रश्न मांडते. वसंतराव देशपांडे यांनी अमर केलेली खाँसाहेबांची भूमिका २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली. आडनाव वारशाने मिळाले. गाणे मात्र वर्षानुवर्षांच्या रियाजानेच मिळवावे लागले.

महाराष्ट्राने २००८-०९ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’चा उत्साह अनुभवला. लहान मुलांच्या गळ्यातून अभंग आणि नाट्यगीते पुन्हा दिवाणखान्यात आली, ही त्या कार्यक्रमाची मोठी कमाई होती. त्या वेळी घराघरांतून लघुसंदेश गेले. परंतु संदेश पाठवणाऱ्या किती घरांनी नंतर संगीत नाटकाचे तिकीट काढले? गावातील गायनवर्ग चालवणाऱ्या गुरुजींची किती जणांनी विचारपूस केली? दोष केवळ वाहिनीला देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही.

एखाद्या स्पर्धक मुलीला उद्या ‘सौभद्र’मधील सुभद्रा करायला मिळाली, तर तिचे स्वागतच केले पाहिजे. पण निर्मात्याने तिला दोन महिने नव्हे, दोन वर्षे द्यावीत. तिच्यामागे गुरू असावा. प्रसिद्धी ओसरल्यावरही तिच्या प्रयोगाला येणारा प्रेक्षक असावा. यांतील पहिली गोष्ट निर्मात्याच्या हाती आहे, दुसरी तिच्या. तिसरी मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. मत देणे एका क्षणाचे काम असते. रसिकत्व हे व्रत आहे, आणि घरातील मुलांना बोटाला धरून नाट्यगृहात नेण्यापासून त्याचा आरंभ होतो.