सही कुणाची?

(स्त्री-गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



नवऱ्याच्या नोकरीमुळे १९९५ ते २००२ अशी सात वर्षं मी सौदी अरेबियात, रियाधमध्ये राहिले. हे कळलं की पहिला प्रश्न बुरख्याचा येतो. हो, बाहेर पडताना काळा अबाया मीही घालत होते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जीव नकोसा व्हायचा. पण त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती एका कागदाची.

राहण्याच्या परवान्याला तिथे इकामा म्हणतात. तेव्हा ती छोटी पुस्तिका असे, नवऱ्याच्या नावाची. आत माझं आणि मुलीचं नाव. तो ती घेऊन कामावर गेला की माझ्या पर्समध्ये नुसती झेरॉक्स. इथे मी शाळेत गणित शिकवत होते. तिथे माझ्या व्हिसावर काम करायला मनाई. बाईने गाडी चालवायची नाही, म्हणून भाजीलासुद्धा नवऱ्याची सुट्टी बघायची.

१९९८ साली वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला. देशाबाहेर जायलाही परवाना लागे. अर्ज नवऱ्याने करायचा, शिक्का कंपनीने मारायचा. पासपोर्टही कंपनीच्याच कपाटात, आणि साहेब रजेवर. चार दिवस गेले. मी पोचले तेव्हा वडिलांना जाऊन दोन दिवस झाले होते. माझा नवरा वाईट नव्हता, तोही रडला. पण चांगल्या नवऱ्याच्या बायकोलाही सही मागावीच लागते, हे तेव्हा कळलं.

वरच्या मजल्यावर आंध्रातली एक बाई घरकामाला होती. कचरा टाकायला खाली आली की मोडक्या हिंदीत बोले. पासपोर्ट मालकाकडे, सहा महिन्यांचा पगार थकलेला. ‘दीदी, आपल्या वकिलातीत सांगा ना.’ मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आपल्यावरच शेकेल. मी गप्प बसले. पुढे ती दिसेनाशी झाली. कुठे गेली, हे विचारायचंही धाडस झालं नाही. आज पहिल्यांदाच हे चारचौघींत बोलते आहे.

यावर ‘त्यांचा धर्मच तसा’ असं कुणी म्हणू नये. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्येच ४७ जणींनी गाड्या रस्त्यावर काढल्या. त्यांचे पासपोर्ट जप्त झाले, नोकरीवरून निलंबन झालं. त्याही मुसलमानच होत्या. बंदी उठली जून २०१८ मध्ये. त्याच्या महिनाभर आधी, त्यासाठी लढणाऱ्या लुजैन अल-हथलूलला अटक झाली होती. २०१९ मध्ये एकवीस वर्षांवरच्या सौदी स्त्रियांना पुरुषाच्या संमतीशिवाय पासपोर्ट काढता येऊ लागला. २०२१ मध्ये परदेशी कामगारांना मालकाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाण्याची मुभा मिळाली, पण घरकामगारांना त्यातून वगळलं. म्हणजे वरच्या मजल्यावरची ती बाई वगळली गेली.

आपल्या वस्त्यांमधूनही बायका आखातात कामाला जातात. निघण्यापूर्वी त्यांचा करार त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवू या. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवायला, वकिलातीचा नंबर पाठ करायला सांगू या. तिकडून कुणी ‘दीदी’ म्हणून हाक मारली, तर माझ्यासारखं गप्प बसायचं नाही.

आणि आज घरी गेल्यावर आपणही पाहू या, आपल्या घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे?