नवजात बाळ आणि आपले हात
(माता-पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हात धुण्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु मूल शाळेच्या दारापर्यंत पोचायचे, तर आधी त्याच्या आयुष्याचे पहिले २८ दिवस सुखरूप पार पडले पाहिजेत. नवजात बाळाची त्वचा पातळ, नाळेची जखम ओली आणि प्रतिकारशक्ती अपुरी असते. जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. बाळ दूध ओढेनासे होते, मलूल पडते, अंग गार लागते. असे दिसताच दवाखाना गाठावा. हे जंतू पुष्कळदा येतात ते मायेने बाळाला उचलणाऱ्या हातांवरूनच.

आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजार जन्मांमागे २५.५ नवजात बाळे दगावली, तर तुलनेच्या गावांत ५९.६. हे केवळ हात धुण्याने झाले नाही. ऊब, स्तनपान, वेळेवर औषध हे सारे त्यात होते; पण स्वच्छ हात हा त्याचा पाया होता. २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. ताईंनी बाळाला हात लावण्यापूर्वी साबण मागितला, तर तो आनंदाने पुढे करा.

आता प्रश्न येतो, कोणते द्रव्य वापरावे? घरी साधा साबण पुरे. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठा, मनगट चोळून ४० ते ६० सेकंद हात धुवावेत आणि स्वच्छ कापडाला पुसावेत, पदराला नव्हे. रुग्णालयात अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर ठेवतात. ते २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळावे. मात्र हात मळलेले असतील तर साबण-पाणीच हवे. क्लोरहेक्सिडीन नावाचे जंतुनाशकही काही ठिकाणी वापरतात. नवजात बाळांसाठी यांपैकी सर्वांत सरस कोणते, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा अद्याप नाही. म्हणून महागड्या बाटलीच्या मागे लागण्यापेक्षा प्रत्येक वेळी हात धुणे महत्त्वाचे.

आपल्या समाजातील एक शंका मोकळेपणाने बोलली पाहिजे. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते, मग ते हाताला लावावे का? जानेवारी २००२ मध्ये मक्का येथे भरलेल्या इस्लामी फिक्ह परिषदेने जंतू मारण्यासाठी अल्कोहोलचा बाह्य उपयोग करण्यास मुभा दिली आहे. तेव्हा नवजात अतिदक्षता कक्षाच्या दारात परिचारिकेने हात पुढे करायला सांगितले, तर संकोच करू नये.

दुसरी अडचण पाण्याची. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्हा विसरलेला नाही. पण हात धुवायला तांब्याभर पाणी पुरते. वुजूसाठी लोट्याची धार धरण्याची सवय आपल्या घरांत आहेच. बाळाला घेताना तिला साबणाची जोड द्या. एकाच बादलीत सर्वांनी हात बुडवणे म्हणजे हात धुणे नव्हे.

बाळाच्या कानात अजान देणारे आजोबा असोत, मालिश करणारी बाई असो, की बाळ पाहायला आलेल्या फुफी आणि खाला असोत, नियम सर्वांना एकच. सुनेला हे वडीलधाऱ्यांना सांगणे अवघड जाते. म्हणून सासूबाईंनीच दाराशी साबण आणि तांब्या ठेवावा. घरातील मोठ्यांनी आधी हात धुतले, की पाहुणे आपोआप धुतात. सर्दी-खोकला किंवा हातावर फोड असलेल्यांनी बाळाला दुरूनच पाहावे. त्यात मानापमान नाही.

आपल्या शाळेतील मुलींनी एवढे घरी जाऊन सांगितले, तरी आजच्या मेळाव्याचे सार्थक होईल. 

जय हिंद!