मधली दोन वर्षं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल,' असा संयोजकांचा आग्रह होता. पण त्यावर हल्ली रिक्षावालेही बोलतात. मी कोनेरू हम्पीबद्दल बोलणार आहे.

आंध्रातल्या गुडिवाड्याची ही मुलगी. वडील अशोक हेच तिचे पहिले गुरू. 'चॅम्पियन' या शब्दातून त्यांनी तिचं नाव घडवलं. म्हणजे अपेक्षांचं ओझं बारशापासूनच! २००२ मध्ये, पंधरा वर्षं पूर्ण होऊन जेमतेम दोन महिने होताहेत तोच ती ग्रँडमास्टर झाली आणि ज्युडिट पोल्गरचा विक्रम मोडला. २००७ मध्ये तिने २६०० एलो गुण ओलांडले. तोवर हे जमलेली एकच स्त्री होती, पुन्हा पोल्गरच.

तिचा डाव बघायला बसलात तर बराच वेळ काही घडतच नाही असं वाटेल. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग एकेक मोहरा शांतपणे बाहेर. टाळ्यांसाठी बलिदान देण्याची हौस नाही. समोरच्याचं एखादं प्यादं कच्चं पडलं, एखादा उंट कोंडला, की ती तेवढंच धरून बसते. मोहरी कमी होत जातात आणि समोरच्याकडे धड खेळीच उरत नाही. मला हा खेळ फार आवडतो. वर्षानुवर्षं चालणारी सॉफ्टवेअर याच स्वभावाची माणसं लिहितात.

२०१७ मध्ये तिला मुलगी झाली. जवळपास दोन वर्षं ती स्पर्धांपासून दूर होती. इथल्या कितीजणींना ही दोन वर्षं माहीत आहेत! बाळंतपणानंतरच्या एका मुलाखतीत मला विचारलं होतं, 'या काळात तुम्ही काहीच केलं नाहीत?' काय सांगणार? झोप सोडून सगळं केलं होतं.

हम्पी २०१८ च्या बाटुमी ऑलिंपियाडमधून परतली. पुढच्याच वर्षी मॉस्कोत जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धेत तिची ले टिंगजिएशी बरोबरी झाली. निकालासाठीच्या डावांत पहिला हरली, दुसरा जिंकली, तिसऱ्यात काळी मोहरी घेऊन बरोबरी साधली. तेवढी पुरेशी होती. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पहिलीच फेरी हरली आणि अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण घेऊन पुन्हा जगज्जेती झाली. वय सदतीस! जलद बुद्धिबळ तरुणांचं, असं म्हणतात म्हणे.

जुलै २०२५ मध्ये, पुन्हा बाटुमीलाच, महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. नेहमीचे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. शेवटचा दिव्याने जिंकला आणि त्या विजयाने तीही ग्रँडमास्टर झाली. हम्पीला तो किताब मिळाला, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.