दप्तरातला मोबाईल

श्रोतेहो, 'भ्रमणध्वनी' हा शब्द सरकारी कागदावर भेटतो, गावात मात्र तो कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. तेव्हा मी आज सरळ मोबाईल असेच म्हणणार आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून बोलणे केले. आपल्या देशातला हा पहिला मोबाईल-संवाद. त्या वेळी ही वस्तू मोठ्या शेटसावकारांच्या खिशात शोभायची. आज ती आठवीतल्या पोराच्या दप्तरात, डब्याच्या खाली, दोन वह्यांच्या मध्ये दडवलेली सापडते. आणि सापडली की गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडतात.

या आठ्या उगाच पडत नाहीत. 'असर' या नावाने ग्रामीण शिक्षणाची जी पाहणी होते, तिचा २०२४ सालचा अहवाल काय सांगतो पाहा. चौदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. तो वापरता येतो असे ८२ टक्क्यांनी सांगितले. ज्यांना वापरता येतो, त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात त्याचा उपयोग काहीतरी शिकण्यासाठी केला होता, आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. दोन्ही गोष्टी एकाच हातात, एकाच काचेवर चाललेल्या असतात. गुरुजींनी कोणती पाहायची आणि कोणती नाही?

काही गावांनी आपापल्या परीने उत्तर शोधले आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेने त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. शहरातल्या मंडळींनी या बातम्या गमतीने वाचल्या. मला त्यात गंमत वाटली नाही. आपल्या मुलांचे लक्ष ही गावाची मत्ता आहे, आणि ती कुणीतरी परस्पर नेत आहे, एवढे त्या गावकऱ्यांना नेमके कळले होते. फ्रान्ससारख्या देशाने २०१८ साली कायदा करून शाळेत मोबाईलला मनाई केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे त्या वेळी जगातल्या दर चार देशांपैकी जवळजवळ एका देशात अशी बंदी होती.

मग वर्गात मोबाईल आणा असे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे? सांगतो. भोंग्याचा दीड तास हा घरचा, अभ्यासाचा वेळ आहे, आणि तो तसाच राहावा. पण शाळेच्या चाळीस मिनिटांच्या तासात, गुरुजींच्या नजरेखाली, दहा-पंधरा मिनिटांपुरता मोबाईल हातात घेणे ही वेगळी बाब आहे. सुतार मुलाला पटाशी देतो ती खेळायला देत नाही. आणि पोराने बोट कापून घेतले म्हणून पटाशी विहिरीतही टाकून देत नाही.

मोबाईलने शिकवायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: मुलांनी चित्रफीत पाहायची. यातही काम झालेले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, म्हणजे ते काळे-पांढरे चौकोनी ठिपके, छापण्याची कल्पना राबवली. मोबाईल त्यावर धरला की कविता ऐकू येते, धडा दिसू लागतो. पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

पण चित्रफीत लावून गुरुजी खुर्चीवर बसले, तर ती मुलाच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून निघून जाते. हे मी रेडिओवरून बोलतो आहे म्हणून मला एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत सुमारे दीडशे गावांत श्रोतेमंडळे स्थापन केली. प्रत्येक मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचे: हे आपल्या गावात होईल का, खर्च किती, कुणी करायचे. शंका लिहून पुण्याला पाठवायच्या आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात ऐकायची. नंतर तपासणी झाली, तेव्हा आढळले ते असे की जिथे मंडळ होते तिथे लोकांची माहिती चांगलीच वाढली होती. आणि जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे फारच थोडी. रेडिओ तोच, आवाज तोच, शब्दही तेच होते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी या प्रयोगाकडे जरा निरखून पाहावे असे मला वाटते. वीस माणसांत एक यंत्र होते, आणि ते बंद केल्यावर खरे काम सुरू होत होते. पाच मुलांत एक मोबाईल पुरतो, तो याच कारणाने. किंबहुना पाचांत एकच असावा. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र मोबाईल दिला की प्रत्येक मूल आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागते. पाचांत एक असला की एकाने धरायचा, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे, आणि उरलेल्या दोघांनी 'चुकलं रे' म्हणून भांडायचे. हे भांडणच शिक्षकाला हवे असते.

आता मोजण्याची गोष्ट निघालीच आहे. मोबाईलच्या पोटात घड्याळ आहे, कॅमेरा आहे, होकायंत्र आहे, हालचाल ओळखणारे यंत्र आहे. तालुक्याच्या एखाद्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटात जेवढी उपकरणे नसतील तेवढी या चपट्या डबीत आहेत, आणि कपाटाला कुलूप असते ते वेगळेच. मी भूगोलाचा मनुष्य, परंतु आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी करून दाखवलेला एक प्रयोग मला फार आवडला. शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून सव्वा मीटरपर्यंत दर दहा सेंटिमीटरवर खडूची रेघ मारायची. दोन विटांच्या आधाराने मोबाईल भिंतीसमोर स्थिर ठेवायचा आणि वरच्या रेघेपासून दगड सोडून त्याचे चित्रण करायचे. साधा मोबाईल सेकंदाला तीस चित्रे घेतो. दगड सव्वा मीटर पडायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे पंधरा चित्रे मिळतात. ती एकेक करून पुढे सरकवायची. दगड हातातून सुटला ते चित्र शून्य धरले तर पाचव्या चित्रात तो साधारण १४ सेंटिमीटर खाली आलेला दिसतो, दहाव्यात ५४, पंधराव्यात १२२. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. फळ्यावरचे सूत्र मुले पाठ करतात. इथे ते भिंतीवर, आपल्याच हाताने मारलेल्या रेघांवर उमटलेले दिसते. गॅलिलिओला हे मोजण्यासाठी उतरत्या पन्हळीतून गोळे सोडून पाण्याच्या धारेने वेळ मापावा लागला होता. एक सूचना: चित्रण भर उन्हात करावे. सावलीत केले तर दगड लांबट आणि पुसट दिसतो आणि पोरे अंदाजाने आकडे ठोकून देतात.

माझ्या विषयातले उदाहरण पाण्याचे. प्रत्येक गावात विहिरी आहेत, आणि कोणत्या विहिरीला कधी किती पाणी असते हे दहा माणसे दहा प्रकारे सांगतात. मुलांच्या एका गटाने एका विहिरीवर जावे. बरोबर शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस असलेच पाहिजे, आणि कठड्यावर वाकण्याचे काम त्या मोठ्या माणसाचेच. दर मीटरला गाठ मारलेली, टोकाला वजन बांधलेली दोरी सोडून काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजायचे. मोबाईलवर विहिरीचे अक्षांश-रेखांश पाहून वहीत उतरवायचे. उपग्रहांच्या संकेतांवरून जागा कळते, त्याला इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उघड्या आभाळाखाली पाचेक मीटरच्या आत जागा बरोबर कळते. गर्द झाडाखाली उभे राहिले तर चूक वाढते. मग वर्गात येऊन आलेख-कागदावर गावाचा नकाशा मांडायचा. इथे भूगोल आपोआप शिरतो. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळजवळ ३१ मीटर, पण आपल्याकडे रेखांशाचा एक सेकंद २९ मीटरच भरतो. का? रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येतात, हे वाक्य पुस्तकात असते. ते खरे आहे हे शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत चालून समजते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. मुलांनीही तेच महिने धरले तर दोन वर्षांत गावाच्या हाती स्वतःच्या पाण्याचा हिशेब येईल. पुढे ग्रामसभेत नवी बोअर कुठे घ्यायची यावर वाद झाला, तर नववीतल्या एखाद्या मुलीची वही तिथे वाचली जाऊ शकेल.

भाषेच्या शिक्षकांना तर मोबाईलचे ध्वनिमुद्रणच पुरे आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांचे प्रचंड काम आपल्यापुढे आहे. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात आल्या. त्या काळी ध्वनिमुद्रक घेऊन गावोगाव हिंडावे लागे. आज ते यंत्र नातवाच्या हातात आहे आणि आजी ओसरीवरच बसलेली आहे. मुलाने आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन, दोन ओव्या मुद्रित कराव्यात आणि वर्गात त्या कानांनी ऐकून लिहून काढाव्यात. आजी 'न्हाई' म्हणते की 'नाही', 'येकलं' म्हणते की 'एकटं', ते जसे ऐकू येईल तसेच लिहायचे. शुद्धलेखनाचा तास नंतर आहेच. मात्र ते मुद्रण समाजमाध्यमांवर चढवायचे नाही, हे आधीच बजावून सांगावे. आजीचा आवाज आजीचा आहे.

या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती लहान नाही. घरात मोबाईल आहे याचा अर्थ मुलाच्या हाती आहे असा होत नाही. बहुतेक घरांत तो वडिलांचा असतो, आणि वडील सकाळीच रानात किंवा कामावर जातात. मुलींचे तर आणखी वेगळे. वर सांगितलेल्याच पाहणीत, मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांकडे स्वतःचा मोबाईल होता. मुलींत हे प्रमाण २७ टक्के. मार्च २०२० नंतर शाळा बंद पडल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला, तेव्हा ज्या घरी एकच मोबाईल होता तिथे तो आधी कुणाच्या हाती गेला असेल, हे तुम्हांला मी सांगायला नको. म्हणून 'उद्या सगळ्यांनी मोबाईल घेऊन या' असे फर्मान शिक्षकाने कधीही काढू नये. त्या रात्री एखाद्या घरात रडारड होते, आणि एखादा बाप कर्ज काढतो. 'ज्यांना सहज आणता येईल अशा सहा-सात जणांनीच, घरी विचारून आणा' असे म्हणावे. चाळीसच्या वर्गाला तेवढे पुष्कळ झाले. कमी पडला तर गुरुजींचा स्वतःचा आहेच. आणि मोबाईल ज्याचा, त्याने तो धरायचा नाही, दुसऱ्याने धरायचा, असा नियम ठेवावा. त्याने दोन गोष्टी साधतात: मालकीचा तोरा उतरतो, आणि ज्या मुलीने घरी कधी हात लावला नाही तिच्या हातात तो येतो.

शिस्तीचे म्हणाल, तर आल्याबरोबर सगळे मोबाईल टेबलावरच्या एका टोपलीत, पालथे. काम सुरू होताना गटप्रमुखाने उचलायचा, काम झाले की पुन्हा टोपलीत. त्यावेळी त्यात इंटरनेट बंद ठेवायचे. वर सांगितलेल्या कामांपैकी एकालाही ते लागत नाही. 'आमच्याकडे रेंजच येत नाही हो' असे डोंगराकडच्या शिक्षकांनी मला पुष्कळदा ऐकवले आहे. त्यांच्यासाठी तर हे सोयीचेच झाले! लक्ष एकदा उडाले की पुन्हा ठिकाणावर यायला वीस मिनिटेही लागतात असे युनेस्कोचाच अहवाल सांगतो. तेव्हा टोपलीचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, तो मोडला तर त्या गटाचे काम त्या दिवशी कागद-पेन्सिलीवर चालावे.

पालकांना मात्र आधी बोलावून हे दाखवावे. नुसते सांगून पटत नाही. दगडाचा प्रयोग त्यांच्यासमोरच करावा. रेघांपुढे थांबलेला दगड पाहिला की मागे उभे राहिलेले आजोबासुद्धा पुढे सरकतात. विहिरींच्या कामाला विहीरमालकांची संमती लागेल, तीही त्याच बैठकीत मागून घ्यावी. पहिली नोंद पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरात करायची आहे. तोवर वीस मीटरची एक चांगली सुती दोरी आणून मुलांकडून तिला मीटर-मीटरवर गाठी मारून घ्याव्यात. गाठींनी दोरी आखडते, म्हणून प्रत्येक गाठ मारल्यावर पुढचा मीटर नव्याने मोजावा.