आवळीभोजन : घरच्या अंगणात

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो ‘आपले सण व आपले आरोग्य’ असा. विषय मोठा, वेळ थोडा, आणि पलीकडच्या दालनात पाने मांडण्याची गडबड तर आताच ऐकू येत आहे. म्हणून त्या विस्तीर्ण क्षेत्रातील एकच लहानसा कोपरा आम्ही निवडला आहे. तो म्हणजे कार्तिकातील आवळीभोजन, आणि तेही घरच्या अंगणात, थोडक्या खर्चात व थोडक्या श्रमात कसे करावे, एवढाच.

कार्तिक शुद्ध नवमीस आवळानवमी अथवा कूष्मांडनवमी म्हणतात. तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत, एकादशीचा उपवास वगळून, सोईच्या दिवशी आवळीच्या वृक्षाची पूजा करावी व त्याच्याच छायेत भोजन करावे, ही आपल्याकडील जुनी चाल. ज्यांनी ही वेळ नेमली त्यांना ऋतूची उत्तम पारख होती यात शंका नाही. मोसमी पाऊस आपल्या प्रांतातून साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघून जातो. त्यामागून येणारा उकाडा दिवाळीच्या सुमारास ओसरू लागतो. जमीन वाळलेली असते, पण धूळ उडू लागलेली नसते. हुरड्यास अद्याप अवकाश असतो, रायगडाकडील पोपटीच्या वालाच्या शेंगाही भरलेल्या नसतात. आवळे मात्र झाडावर धरलेले असतात. भोजन दुपारीच ठेवावे. सायंकाळी दव पडू लागते आणि वृद्धांस ते बाधते.

इतकी सोपी गोष्ट आपण अवघड करून ठेवली आहे. भाड्याचे हिरवळीचे मैदान, कंत्राटी आचारी, ध्वनिक्षेपक आणि माणशी वर्गणी, असे आवळीभोजनाचे स्वरूप ठिकठिकाणी झाले आहे. आमच्या परिचयाच्या एका घरी सहा माणसे. वर्गणीचा आकडा ऐकून त्या गृहस्थांनी ‘त्या दिवशी गावी जावयाचे आहे’ असा निरोप धाडला. त्याच दिवशी सकाळी ते आम्हांस मंडईत भेटले. दोघेही काही वेळ मेथीच्या भावाविषयीच बोललो. बंधूंनो, हजेरीपट मांडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याची दृष्टी हजर असलेल्यांपेक्षा गैरहजर असलेल्यांकडे आधी जाते. आजही या सभागृहात काही घरे नाहीत. ती रुसलेली नाहीत. ती आकड्याला भ्याली आहेत.

म्हणून आमची सूचना अशी की, चार-पाच घरांनी मिळून एका अंगणात जमावे. वर्गणी नसावी; ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे, कोणी डाळ, कोणी वांगी, कोणी नुसता पाण्याचा हंडा. कोणी काय आणले याची वही ठेवू नये. शेजारचे कुटुंब आपल्या ज्ञातीचे नसेल तर त्यासही बोलवावे. धूर त्यांच्याही घरात जाणारच आहे.

अंगणात आवळी नसल्यास कुंडीतील रोपाची पूजा करावी. एका दिवसाच्या पूजेसाठी दुसऱ्याच्या झाडाची फांदी तोडू नये. गच्चीवर चूल पेटवू नये. तेथे अन्न घरात शिजवून वर न्यावे. आवळी असेल तर चूल तिच्याखाली मुळीच मांडू नये. पाने होरपळतात आणि मुळांस धग लागते. दहा-बारा हात दूर, वाळके गवत काढून, वारा पाहून, पंगतीकडे धूर येणार नाही अशा बाजूस तीन दगड अथवा विटा मांडाव्यात.

पदार्थ मोजके असावेत. वीस माणसांस तीन किलो जाडसर दळलेल्या कणकेचे रोडगे, किलोभर तुरीचे वरण, अडीच किलो वांग्यांचे भरीत, आवळ्याची चटणी आणि दहीभात एवढे पुष्कळ होते. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्यांचा नेम कोणाकडे द्वादशीस सुटतो, तर कोणाकडे चंपाषष्ठीपर्यंत चालतो. त्यांच्याकरिता तांबड्या भोपळ्याचे भरीत निराळे ठेवावे. रोडगे विदर्भातले; खानदेशातील मंडळी बट्ट्यांचा आग्रह धरतील, तर त्यांच्याशी वाद घालू नये. कणकेत तेलाचे मोहन, मीठ व ओवा घालून ती घट्ट मळावी व अर्धा तास झाकून ठेवावी. गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या घ्याव्यात आणि पाने मांडण्याच्या दोन तास आधी पेटवाव्यात. सारी मेख येथेच आहे. ज्वाळेत रोडगा घातला तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो. ज्वाळ बसून, धूर थांबून, निखारा लाल दिसू लागला म्हणजे लाडवाएवढे गोळे त्यात मांडावेत, फिरवावेत, आणि मग ऊन राखेने झाकावेत. अर्ध्या-पाऊण तासाने काढून जाड फडक्यात घोळले की राख झडते. मग फोडून वर तूप. वांगीही त्याच निखाऱ्यात भाजून घ्यावीत.

हे सारे करावे कोणी, हा प्रश्न पदार्थांहून महत्त्वाचा आहे. फुंकणीने चूल फुंकून ज्या मायबहिणींचे डोळे गेले, त्यांना ‘चुलीवरच्या अन्नाची गोडी काही निराळीच’ असे सांगणारे पुरुष बहुधा चुलीपासून पुष्कळ दूर बसलेले असतात. त्या दिवशी ती गोडी त्यांनीच निर्माण करावी. विस्तव, गोवऱ्या, रोडगे आणि खरकटी भांडी ही चारही कामे पुरुषांकडे. स्त्रियांनी पहिल्या पंगतीस बसावे. प्रथम वर्षी रोडगे करपतील, खावेत.

आणखी एक गोष्ट बोलण्यास जड जाते, तरी बोलतो. आवळीच्या पूजेस सुवासिनी पुढे होतात आणि घरातील विधवा बहीण, वहिनी वा काकू ‘मी भात पाहते’ म्हणून आत राहते. तिला कोणी जा म्हणत नाही. पण ये असेही कोणी म्हणत नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याने जे केले ते ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्या चालविणाऱ्या आपल्या ज्ञातीस जड का जावे? आमच्या मते घरातील ज्येष्ठ स्त्रीने, ती सधवा असो वा विधवा, प्रथम हळदकुंकू वाहावे आणि तिने हाक मारल्यावर इतरांनी पुढे व्हावे. या बाबतीत पुरोहितांचा सल्ला घेण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

पाने पळसाच्या पत्रावळींवर वाढावीत. थर्माकोलच्या व प्लास्टिकच्या ताटांवर शासनाने २०१८ साली बंदी घातलीच आहे, आणि तशीही गरम वरणाला ती ताटे शोभत नाहीत. जेवणे आटोपली म्हणजे निखाऱ्यावर पाणी ओतून काठीने राख उलथून पाहावी; वरून विझलेल्या राखेत आत विस्तव राहतो, आणि मुले तेथेच खेळावयास जातात. उरलेले रोडगे ज्या घरी मुले अधिक त्या घरी बांधून द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुस्करून दूधगुळात कालवले म्हणजे न्याहारीची वेगळी खटपट करावी लागत नाही.